रांगोळीचा ग्रह

१२ जाने. ९८, सोम.
समीर आज तिसऱ्यांदा दुकानी आला. दिग्दर्शक माणूस. आजवर साबणाच्या नि बिस्किटांच्या जाहिराती केल्या, पिक्चर पहिलंच. गेल्या गणपतीत विरारला आपला चलतचित्र देखावा बघून गेला, तेव्हापासून मागे लागलाय. चहा संपवून म्हणतो, "मोहनराव, मला एक ग्रह पाहिजे."
म्हटलं, "कुठला? राहू, केतू, शनी, अख्खा सेट आहे. भाड्यानंही देतो."
हसला नाही. म्हणजे प्रकरण गंभीर.
गोष्ट अशी: एका ग्रहावरचं सगळं पाणी संपलेलं. आपलं यान तिथे उतरतं. धूळ उठते, हळूहळू खाली बसते, मग यानाचं दार उघडतं. "ह्या एका शॉटवर पिक्चर उभं आहे, नाहीतर आडवं." दोघा कारागिरांनी थर्माकोलचा ग्रह करून दिला, पडद्यावर थर्माकोलच दिसला. (थर्माकोल हा शब्द असा उच्चारला की मी दुकानातल्या मखरांकडे पाठ फिरवून बसलो.)
तो गेल्यावर डोक्यात एकच: धूळ. खरी धूळ, कणाकणाची. ती हातातून सोडायला कोण शिकलाय?
जूचंद्रचा काशिनाथ.

१५ जाने., गुरु.
जूचंद्रला जाऊन आलो. काशिनाथ भोईर. दिवसा खिळ्यांच्या कारखान्यात मशीनवर, उरलेला वेळ रांगोळी. नवरात्रात देवळात ह्याने काढलेला चेहरा लोक फोटो समजून बघतात, काच कुठाय म्हणून बोट पुढे करतात. मग ओरडा बसतो.
आधी नाहीच म्हणाला. "मानसाचा चेहरा सांगा, दोन दिसांत देतो. तुमच्या ग्रहाला नाक ना डोला. काय धरून काडू?"
म्हटलं, रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसतोस. ही पुसली तरी पिक्चरमध्ये राहील.
त्याच्या बायकोने तिळगूळ ठेवला. हा खाली बघत बसला. मी मुद्दाम बोललो नाही. असल्या वेळी जो आधी बोलतो तो हरतो, हे बांबूवाल्यांकडून शिकलोय.
"ऱ्हाईल म्हंजे कवापरत?"
"आपण दोघं गेल्यावरही."
"पंचवीस वरसं काडतंय, मोहनदादा. एक नाय ऱ्हायली." मग थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत, "माजं नाव येल का वर?"
"येईल. ग्रह, काशिनाथ भोईर."
बायको आतून म्हणाली, "घरातला नळ कवा नीट कराल ता ईचारा त्यांना." म्हणजे होकार.

२९ जाने.
गुदाम ठरलं. जूचंद्रच्या बाहेर, मिठागरांच्या कडेला. मिठाचंच गुदाम, सध्या रिकामं. नवीन मीठ उन्हाळ्यात भरतील, तोवर आपलं. भिंती खारट, दार दणकट, वारा आत येत नाही.
चौथरा इनास करतोय. नंदाखाल गावचा सुतार. नाताळचा गोठा करावा तर इनासनेच, गावात दरवर्षी पहिला नंबर. चोवीस फूट बाय सोळा, कंबरेएवढा उंच. यानही त्याच्याकडेच. यानाचं पोट म्हणजे त्याच्या बायकोचं फुग्यांचं (त्यांचे नाताळचे तळलेले गोल पाव) पीठ भिजवायचं पातेलं. बायकोला अजून पत्ता नाही. "नाताळपर्यंत वरून परत येईल ना रे यान?" मला विचारतो.

१८ फेब्रु., बुध.
ग्रहाचा तिसरा दिवस. एकूण अकरा लागतील.
चौथऱ्यावर आडवी फळी टाकलीय. काशी त्यावर पालथा झोपून काम करतो, पोहणाऱ्यासारखा. खाली दगडाची भुकटी, वर वीटभट्टीची लाल धूळ, तुसाची राख, मधूनमधून मिठाची खपली. चहाच्या गाळणीतून एक थर, धोतराच्या फडक्यातून दुसरा. चिमटीतून जे पडतं ते मोजता येत नाही. डोंगर बोटभर उंचीचे, पण उकिडवं बसून एक डोळा मिटला की मैलोन्मैल.
नियम: पंखा बंद. चपला बाहेर. नाकाला फडकं. शिंक आली तर पळत दाराबाहेर. इनासला आज दोनदा आली. दुसऱ्यांदा दारातच. काशीने नुसतं बघितलं. इनास म्हणतो, "बायकोपण एवढं बघत नाही."
भेगांचं काम माझं. जमीन फाटलेली नि आतून लालसर उजेड, असं समीरला पाहिजे. भेगांखाली काचेच्या पट्ट्या, त्याखाली तोरणाचे बारीक बल्ब, घरच्या लाईटवर. आयुष्यभर हेच करत आलोय, डोळे मिटून जोडले.

२५ फेब्रु.
आज इनासकडचा राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासांचा पहिला दिवस. इनास चर्चमधून थेट आला, कपाळावर राखेचा क्रूस. काशी फळीवर राख चाळत होता. इनास म्हणाला, "घे, फादरने मला लावली, तू ग्रहाला लाव. दोघंही मातीच."
काशी म्हणाला, "हलू नको. राख सांडल तुजी."
इनासची दारू आजपासून चाळीस दिवस बंद. ग्रह सरळ होण्याची शक्यता वाढली.

२७ फेब्रु.
झाला. समीर दारात आला, बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसला. नवीन पँट. मग एवढंच, "इथे खरंच कुणी राहत नाही."
काशी मला हळूच, "चांगला बोल्ला का वाईट?"

२८ फेब्रु., शनि.
टेक झाला.
कॅमेरा दासबाबूंचा. बंगाली, बारीक, सतत पान. कॅमेरा चौपट वेगाने फिरवतात, म्हणजे पडद्यावर सगळं संथ नि जड दिसतं, नाहीतर पातेलं पातेल्यासारखं पडेल. यान तारांवर. तारा वर इनासच्या हातात. एकच संधी. उतरल्यावर जमिनीला खड्डा पडणार.
सगळे गप्प झाले तेव्हा एक आवाज ऐकू आला. बल्बांच्या जोडणीतून, बारीक, भुंग्यासारखा. एका सुरातला नव्हे, थरथरता. बांबू ठोकून आत किडलाय की नाही सांगणारे कान आहेत हे. वाटलं, सांगावं. मग वाटलं, ह्या शॉटला आवाज घ्यायचाच नाहीये, कशाला उगाच. गप्प बसलो.
यान उतरलं. धूळ उठली. काय उठली! आणि बसली कशी, जशी घरातली थोरली बाई बसते, पदर सावरून. टाळ्या. समीरने काशीला मिठी मारली. काशीचे हात लाल राखेचे. समीरच्या पांढऱ्या शर्टावर दोन पंजे.
जीपमध्ये चढताना दासबाबू मला म्हणाले, "रशेस आने तक सेट होल्ड रखना." म्हणजे घेतलेली फिल्म धुवून बघेपर्यंत काही मोडायचं नाही. म्हटलं, हो.
परत आत आलो तर काशीच्या हातात केरसुणी. पाणी शिंपडून झालेलं. "बगून झाली ना? मंग दिवं लागायच्या आत उचलायची. शिली ठेवीत नाय."
तेव्हा पाव ग्रहसुद्धा गेला नव्हता. होल्ड म्हणालेले आठवलं. पण आमच्या धंद्यातही तेच, मूर्ती हलली की मखराची पहिली दोरी लगेच सोडायची, रिकामं मखर रात्रभर उभं ठेवत नाहीत. शॉट झाला होता. टाळ्या वाजल्या होत्या. टोपलीचा दुसरा कान मीच धरला.
सगळी रांगोळी खाडीत सोडली. पाणी घटकाभर लाल.

७ मार्च, शनि.
अंधेरीला रशेस बघितल्या. वीस खुर्च्यांचं थिएटर. समीर, दासबाबू, मी. काशीला सुट्टी नव्हती. बरं झालं.
पहिले काही क्षण मी विसरलो की ती रांगोळी आहे. शपथ.
मग भेगा धडधडायला लागल्या. पेट, वीझ, पेट, वीझ. अख्खा ग्रह गणपतीच्या तोरणासारखा लुकलुकतोय आणि त्यावर ते यान इतकं सुंदर उतरतंय. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रोजेक्टरवाला असावा.
दासबाबूंनी समजावलं. घरची वीज सेकंदाला पन्नास झोके घेते. "आँख को नहीं दिखता, कैमरे को दिखता है."
कानाला ऐकू येतं, हे मी बोललो नाही.
मग ते म्हणाले, "कोई बात नहीं. सेट तो होल्ड पे है. बल्ब बैटरी पे डालो, खड्डा भर दो, परसों फिर ले लेंगे."
समीर माझ्याकडे बघायला लागला.
म्हटलं, "सेट खाडीत आहे."
त्यानंतर कुणी काय बोललं ते आठवत नाही. दासबाबूंनी पान थुंकलं नाही, गिळलं, एवढं दिसलं.

८ मार्च
काशीला सांगितलं. सगळं. बल्ब माझे, चूक माझी, आवाज ऐकला होता तेही. कोणाला तरी सांगायचंच होतं.
त्याने एकच विचारलं, "पुसली नसती तर?"
"मीपण टोपली धरली होती, काशी."
"मी ईचारला काय?"
"...परवाच झाला असता शॉट."
खूप वेळ हाताच्या रेघांतली राख नखाने काढत बसला. मग म्हणाला, "परत काडतो."
कारखान्यात काय सांगणार? "ग्रह लागलाय सांगतो." आणि स्वतःच हसला. बिनपगारी रजा. त्याच्या बायकोने ह्या वेळी तिळगूळ काय, पाणीही विचारलं नाही. बरोबर आहे.
समीर म्हणतो, पाडव्याला कॅमेरा आणतो. निर्मात्याने एक संधी दिलीय. एकच.

१३ मार्च, धुळवड
गुदामाला दिवसभर आतून कडी. बाहेर पोरं गुलाल उधळतायत. एक चिमूट जरी फटीतून आली तर ग्रहावर गुलाबी पट्टा. दाराच्या फटींत ओली गोणपाटं कोंबली. आत आम्ही तिघं.
ह्या वेळी काशी मीठ जास्त वापरतोय. म्हणतो, पाणी सुकून गेलेली जमीन म्हणजे काय ते आमच्या गावाला ठाऊक. मिठागर सुकताना कडेला जशी पापडी धरते तशी पापडी काढलीय. पहिल्यापेक्षा हा बरा होतोय. तो बोलत नाही, पण गुणगुणतो. पहिल्या वेळी गुणगुणला नव्हता.
बल्ब आता ट्रकच्या बॅटऱ्यांवर. कान लावून बघितलं. शांत. मेल्यासारखं शांत.

२८ मार्च, पाडवा
गुदामाच्या दारात गुढी. काशीची बायको स्वतः गाठी घेऊन आली. आत डोकावली, पदर नाकाला लावून. "बाईमानसाला उभं ऱ्हायला जागा नाय एवढ्या ग्रहाव," म्हणाली, पण गेली ती मागे वळून बघत.
नऊ वाजले, अकरा वाजले. एक वाजता एसटीडीवाल्याकडून समीरला फोन लावला. कॅमेरा दुसरीकडे अडकलाय. "पुढच्या आठवड्यात. नक्की. मोहनराव, नक्की."
एकदा नक्की म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवतो.
काशीला सांगितलं, पुढच्या आठवड्यात. त्याने गाठीतलं एक पदक तोडून माझ्या हातावर ठेवलं. "बरं झालं. डावीकडचा डोंगर मना पटत नव्हता."

२ एप्रिल, गुरु.
न सांगता समीरच्या ऑफिसात गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो. मधली भिंत प्लायवूडची, ती पण हलकी. आत निर्माते.
"वो रंगोली का तमाशा बंद करो. लड़के कम्प्यूटर पे बना रहे हैं. डेमो देखा ना?"
समीर कागद चाळतोय. मग, "देखा."
"कैसा है?"
पुन्हा कागद.
"साफ़ है."
"तो?"
खुर्ची सरकल्याचा आवाज. समीर बाहेर आला, मला बघितलं. त्याला कळलं मी ऐकलंय. मला कळलं त्याला कळलंय. म्हणाला, "चहा घेतलात?"
घेतला. काय करणार.

६ एप्रिल
समीरचा फोन. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी घेतला. बराच वेळ इकडचं तिकडचं. मग, "तुम्हीच सांगा ना त्याला. तुमचा माणूस आहे." आणि, "आभारांच्या यादीत नाव देऊ त्याचं." आणि मग आवाज उतरून, "मोहनराव, कॉम्प्युटरवर मी रोज जाऊन बसतो. ती पोरं हुशार आहेत. पण मला तिथे काही दिसतच नाही."
मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यानेही ह्या शॉटवर पिक्चर उभं केलं होतं.
सुमनला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, मग उद्याच सांगून टाका. जितका उशीर तितकं तुमच्या तोंडून वाईट वाटेल." बायकोचं बरोबर असतं तेव्हा फार राग येतो.

९ एप्रिल
सांगायलाच गेलो होतो.
आत इनास कंबरेवर हात ठेवून उभा. "ये मोहन्या, बघ. सापडलं!"
"काय?"
"पाणी! पिक्चर संपलं. ग्रहावर पाणी आहे."
खरंच. हवा दमट झालीय, त्यात मीठ. पापडीच्या कडा घामेजल्यात, जणू कुणी ओल्या बोटाने रेघ ओढलीय. काशी म्हणाला, "मीठ हाय. पानी धरनारच." तक्रार नाही, जावयाचा स्वभाव सांगावा तसं. रोज सकाळी येऊन बल्ब लावतो, उबेने सुकवतो, जिथे काळं पडलं तिथे वरून नवी राख चाळतो. अकरा दिवसांचा ग्रह आता रोज थोडा थोडा पुन्हा काढावा लागतो. कारखान्यातून दुसरं पत्र आलंय. खिशातून काढून दाखवलं, वाचलं नव्हतं.
मी म्हटलं, "काशी, कॅमेरा समजा नाहीच..."
"धा-बारा दिस धरंल," तो म्हणाला. "म्होरं मंग मी नाय सांगत."
त्याला वाटलं मी ग्रहाचं विचारतोय. नाहीतर त्याने तसं ठरवलं. मला ओळखता आलं नाही.
मग मी विरारचा लग्नाचा व्हिडिओवाला आणू का विचारलं. निदान काहीतरी राहील. काशी एवढा दुखावला की फळीवरून उठून बसला. "लगीन हाय काय? धूल उटायची हाय त्याची. ता टीव्हीतला डबा काय दाखवंल?"
इनास बाहेर येऊन मला म्हणाला, "तू सांगणार नाहीस." प्रश्न नव्हता. उद्या गुड फ्रायडे, तो येणार नाही.

१४ एप्रिल
गुदामाच्या शेठचा निरोप. सोमवारी, वीस तारखेला, सकाळी दहाला नव्या मिठाचा पहिला टेम्पो. रिकामं पाहिजे. त्याचं काही चुकत नाही. मिठागर पिकलंय, पांढरे ढीग उभे आहेत उघड्यावर.
ही बरी सबब वाटली. काशीला म्हटलं, "शेठ ऐकत नाही. आपणच उचलूया का? दोघं मिळून. मागच्यासारखी."
"उचलू? बगितली कोनी?"
"मी बघतोय की रोज."
"तुमी घरचे. घरच्यानी बगून नाय होत. भायेरचा कोनतरी यावा लागतो. उंबऱ्यातली रांगोलीपन भायेरून येनाऱ्यासाटी आसते ना, मोहनदादा? न बगितलेली पुसायची नाय. ता पाप."
हा त्याचा कायदा. ह्याच कायद्याने पहिली पुसली, ह्याच कायद्याने दुसरी पुसत नाही. वाद घालायला जागा नाही. खरं म्हणजे एकच वाक्य सांगायचं होतं आणि ते मी पुन्हा खिशात घालून घरी आणलं.

१७ एप्रिल, शुक्र.
वसईच्या किल्ल्यात कुठल्याशा गाण्याचं शूटिंग. कॅमेऱ्यावर दासबाबू आहेत असं कळलं, गेलो. मला बघून हातातली फ्रेम सोडून आले. पाकिटातून फिल्मचा वीतभर तुकडा काढला. पहिल्या टेकचा. फुकट गेलेल्या प्रिंटमधून कापून ठेवलेला. उन्हात धरला. यान टेकतंय, धूळ उठलीय, भेगा पेटलेल्या. लुकलुकायच्या मधला, पेटलेला क्षण शोधून कापलाय त्यांनी.
"उसको देना," म्हणाले. "कम्प्यूटर वाला भी देखा मैंने. उसमें धूल बैठती नहीं. बस, ग़ायब हो जाती है."
म्हटलं, दुसरा ग्रह तयार आहे, येऊन नुसता बघून जा. कॅमेरा नको. बाहेरचं माणूस पाहिजे, बस.
त्यांनी आकाशाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. आज जमणार नाही. शनिवार-रविवार शिफ्ट. "मंडे सुबह, देखता हूँ."
देखता हूँ म्हणजे काय ते मलाही ठाऊक आहे. तरी काशीला निरोप दिला: सोमवारी सकाळी कुणीतरी बघायला येईल. कोण, ते नाही सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे आनला शेवटी समीर सरांनी." मी दुरुस्त केलं नाही.
फिल्मचा तुकडा ह्या वहीत ठेवलाय. तो दिला की सगळं सांगितल्यासारखं होईल.

१९ एप्रिल, रवि.
उजव्या कोपऱ्यातला अख्खा डोंगर ओल धरून बसला. काशीने तो पुन्हा काढला नाही. त्या बाजूने यान उतरवायचं नाही, एवढंच ठरवलं. इनासने तारा पुन्हा ताणल्या, पातेलं पुसून चकचकीत केलं. नंतर ईस्टरची उरलेली बाटली काढली. मी घेतली. काशीने नाही. "उद्या हात थरथरतील."
परत येताना दाराला कुलूप माझ्या हाताने लावलं. उद्या लवकर येऊन सांगायचं. टेम्पोच्या आधी. ठरलं.

२० एप्रिल, सोम. सकाळ, गुदामात
सातला आलो, तर काशी आधीच दारात. इस्त्रीचा शर्ट. दाढी. बायकोने डब्यात चौघांपुरतं दिलंय, "कॅमेरावाल्यांना पन."
आत आलो. बल्ब लावले. त्या उजेडात ग्रह असा दिसला की मी ठरवलेलं वाक्य जुळवत होतो ते कुठे गेलं कळलं नाही. ओल्या कडा सुकतायत. मिठावर लाल झाक. काशी फळीवर पालथा, शेवटची चिमूट सोडतोय, कुठे ते मला दिसतही नाही. इनास वर तारांपाशी, पाय खाली सोडून. पातेलं हवेत.
मी दाराशी खोक्यावर बसून हे लिहितोय. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून.
पावणेआठ. मिठागरावरच्या रस्त्याला आवाज. लांब आहे अजून. टेम्पो. भरलेला आहे, खड्ड्यात जड बसतो, पाट्यांची खडखड ओळखीची. शेठचाच. दोन तास आधी आला.
काशीने मान वर केली. फळीवरून खाली उतरला, धुळीला धक्का न लावता, मांजरासारखा. हात पाठीला पुसले, शर्टाला नाही. "मोहनदादा, आले काय?"
टेम्पोच्या मागे आणखी एक गाडी आहे. बारीक इंजिन. दासबाबूंची जीप असेल, नाहीतर शेठची मोटारसायकल. टेम्पोच्या खडखडीत काही कळत नाही. पहिल्यांदाच कळत नाही.
काशी पुन्हा विचारतोय.
थांब, ऐकू दे.